लिनक्सवर बिननावाच्या फायली कशा ओळखायच्या

मागच्या पावसाळ्यात गावच्या वाचनालयातला कॉम्प्युटर चालू होईना म्हणून मला बोलावलं. जुनं मशीन, त्यावर लिनक्स मिंट मीच टाकून दिलेलं, यूपीएसची बॅटरी कधीचीच गेलेली आणि त्या आठवड्यात लाईट दिवसातून चार-पाच वेळा जात होती. डिस्क तपासायची एफ-एस-सी-के ही कमांड चालवली, तिने विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना हो म्हटलं, मशीन सुरू झालं, पण कामाचा मुख्य फोल्डर रिकामा! सभासदांच्या याद्या, पावत्या, जुन्या अंकांचे स्कॅन, कार्यक्रमांचे फोटो, सगळं जाऊन पडलं होतं लॉस्ट-प्लस-फाउंड नावाच्या फोल्डरात, १,३८६ फायली, आणि नावं कशी तर हॅश १३१०७४, हॅश १३१०७५, हॅश १३१०८१. ना नाव, ना एक्स्टेन्शन. ग्रंथपाल बाईंचा चेहरा बघवत नव्हता.

त्या फायली ओळखायला मला दोन रविवार लागले, आणि त्यातनं जी पद्धत बसली ती इथे सगळी लिहितोय, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते आणि रोजच्या कामातही हे माहीत असलेलं बरं. एक गोष्ट आधी सांगतो, कमांड मी इथे फोनवर कुणाला सांगतो तशा बोलीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजीत टाइप करायच्या, कमांडचं नाव लहान अक्षरांत, आणि जिथे डॅश म्हटलंय तिथे वजाबाकीची आडवी रेघ, हॅश म्हणजे #, स्टार म्हणजे * आणि दोन कमांडच्या मध्ये पाइप म्हटलंय तिथे | ही उभी रेघ. एफ-एस-सी-के सारख्या सुट्या अक्षरांतल्या रेघा मात्र टाइप करायच्या नाहीत.

असं होतं का ते आधी समजून घ्या

आपल्याला वाटतं नाव फाईलच्या आतच कुठेतरी लिहिलेलं असतं. तसं नाहीये. लिनक्सच्या एक्स्ट-४ सारख्या फाईल सिस्टीममध्ये मजकूर, साईज, मालक, शेवटचा बदल कधी झाला ही सगळी माहिती आयनोड नावाच्या नोंदीशी जोडलेली असते आणि नाव असतं फोल्डरकडे. फोल्डर म्हणजे काय तर एक यादी, हे नाव आणि हा त्याचा आयनोड नंबर. लाईट गेली आणि ती यादीच खराब झाली तर मजकूर शाबूत राहतो पण त्याला नाव उरत नाही, मग एफ-एस-सी-के अशा फायली गोळा करून लॉस्ट-प्लस-फाउंडमध्ये टाकतं आणि आयनोड नंबरच नाव म्हणून चिकटवतं. एक्स्टेन्शन हा नावाचाच भाग, डॉटच्या पुढची तीन-चार अक्षरं, त्यामुळे नावाबरोबर तेही जातं.

पण लिनक्सला त्याने फार फरक पडत नाही आणि हाच सगळ्या लेखाचा मुद्दा आहे. एक्स्टेन्शन म्हणजे फाईलने स्वतःबद्दल केलेला दावा, आणि पुरावा असतो आतल्या बाइट्समध्ये, म्हणजे फाईल ज्या आकड्यांची बनलेली असते त्यांत. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एखादा प्रोग्रॅम चालवताना डॉटच्या पुढे काय लिहिलंय ते बघतच नाही, पहिले काही बाइट्स बघतो, तिथे ईएलएफ या लिनक्स प्रोग्रॅमच्या फॉरमॅटची खूण दिसली तर थेट चालवतो, हॅश आणि उद्गारचिन्ह दिसलं तर पुढे लिहिलेल्या इंटरप्रिटरला, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, बोलावतो, आणि तेही चालवायची परवानगी दिलेली असेल तरच. विंडोजवर वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला होता.

पहिलं काम: कॉपी काढा

मूळ जागेवर काहीही करू नका. लॉस्ट-प्लस-फाउंड रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, मालकीचा असतो म्हणून कमांडच्या आधी सुडो लावावं लागतं, त्याने ती रूटच्या अधिकाराने चालते. सुडो सी-पी डॅश ए ने पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या. डॅश ए महत्त्वाचा आहे, त्याने शेवटच्या बदलाची तारीख तशीच राहते, नाहीतर सगळ्या फायलींवर आजची तारीख पडते. वर सांगितलं ना की तारीख आयनोडकडे असते, म्हणजे नाव गेलं तरी तारीख वाचलेली असते, आणि पुढे फायली लावताना हीच तारीख आपल्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे. कॉपी झाल्यावर सी-एच-ओन ने मालकी स्वतःकडे घ्या म्हणजे दरवेळी सुडो नको.

आणखी एक खोच, हे मला अर्ध्या तासाने कळलं. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हॅशने सुरू होणारा शब्द म्हणजे कॉमेंट. त्यामुळे फाइल स्पेस हॅश १३१०७४ असं टाइप केलं तर बॅश हॅशपासून पुढचं सगळं सोडून देतं आणि कमांड म्हणते की फाईलचं नावच दिलं नाही. उपाय सोपा आहे, नावाच्या आधी डॉट स्लॅश लावायचं किंवा नाव अवतरणचिन्हात टाकायचं. डॅशने सुरू होणाऱ्या नावांनाही डॉट स्लॅशच कामाला येतं, नाहीतर कमांडला तो ऑप्शन वाटतो.

दुसरं: ही साधी फाईल आहे का तेच आधी बघा

एल-एस डॅश एल चालवा आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर बघा. तिथे नुसता डॅश असेल तर साधी फाईल, डी म्हणजे डिरेक्टरी, एल म्हणजे सिंबॉलिक लिंक, सी आणि बी म्हणजे डिव्हाइस, पी म्हणजे पाइप, एस म्हणजे सॉकेट. लिनक्सवर फाईलचे मूळ प्रकार हे सात, जेपेग आणि पीडीएफ वगैरे भानगड त्यातल्या फक्त पहिल्या प्रकाराच्या पोटात येते. शब्दांत उत्तर हवं असेल तर स्टॅट डॅश सी, पुढे टक्क्याचं चिन्ह आणि मोठा एफ.

माझ्या १,३८६ मध्ये २३ डिरेक्टरी निघाल्या आणि ती लॉटरीच होती, कारण डिरेक्टरी सापडली की तिचं स्वतःचं नाव गेलेलं असतं पण तिच्या आतल्या फायलींची नावं शाबूत असतात, यादी तिच्याकडेच असते ना. सुवर्णमहोत्सवाचे सगळे फोटो असे नावासकट मिळाले. म्हणून आधी डी वाले बाजूला काढा, निम्मं टेन्शन तिथेच जातं.

लिंकबद्दल एकच सांगतो. लिंकला पुढे येणाऱ्या फाइल कमांडने प्रकार विचारला तर ती फक्त कुठे बोट दाखवते ते कळतं. स्लॅश ई-टी-सी स्लॅश लोकलटाइम ला विचारून बघा, आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर उत्तर येईल एशिया स्लॅश कोलकाताकडे जाणारी सिंबॉलिक लिंक. त्याच फाइल कमांडला डॅश मोठा एल हा ऑप्शन दिला की ती लिंकच्या पलीकडे जाऊन सांगते, हा टाइमझोनचा डेटा आहे.

तिसरं आणि मुख्य: फाइल कमांड

या कामाची कमांड म्हणजे एफ-आय-एल-ई, फाइल. ही फार जुनी आहे, युनिक्सच्या चौथ्या रिसर्च आवृत्तीत, नोव्हेंबर १९७३ च्या मॅन्युअलमध्ये ती सापडते. आज लिनक्सवर जी असते ती इयान डार्विन यांनी १९८० च्या दशकात नव्याने लिहिलेली आणि पुढे ख्रिस्तोस झूलास यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली. बहुतेक डिस्ट्रोमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मिंट-उबंटूसारख्या प्रकारांत, ती आधीच असते, डॉकरच्या (प्रोग्रॅम डबाबंद करून चालवायची सोय) छोट्या इमेजमध्ये मात्र बऱ्याचदा नसते, तिथे डेबियन-उबंटूवर एपीटी ने आणि फेडोरावर डीएनएफ ने फाइल याच नावाचं पॅकेज टाकायचं.

चालवायची कशी, तर फाइल, स्पेस, डॉट स्लॅश आणि नाव. उत्तर एका ओळीत येतं, उदाहरणार्थ पीएनजी इमेज डेटा, १२४० बाय १७५४, ८ बिट कलर. आतून ती तीन टप्प्यांत काम करते. आधी फाईल सिस्टीमला विचारते की ही डिरेक्टरी आहे का, लिंक आहे का, रिकामी आहे का. मग मॅजिक टेस्ट, म्हणजे ठरावीक जागी ठरावीक बाइट्स आहेत का ते एका मोठ्या यादीशी ताडून बघते. तिथेही जमलं नाही तर हा मजकूर आहे का, कुठल्या एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरांना आकडे द्यायच्या कुठल्या पद्धतीचा, कुठल्या भाषेतला प्रोग्रॅम वाटतो याचा अंदाज लावते. हा तिसरा टप्पा अंदाजच आहे हे लक्षात ठेवा, साधी इंग्रजी टिपण एखादवेळी सी प्रोग्रॅम म्हणून सांगितली जाते, तिथे तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पहिले दोन टप्पे मात्र भरवशाचे.

ऑप्शन पुष्कळ आहेत, मला रोज लागतात ते सांगतो. डॅश बी ने उत्तरातलं फाईलचं नाव गळून पडतं. डॅश डॅश माइम-डॅश-टाइप ने उत्तर इमेज स्लॅश जेपेग, ॲप्लिकेशन स्लॅश पीडीएफ अशा ठरलेल्या साच्यात येतं आणि स्क्रिप्टमध्ये नेहमी हेच वापरावं, कारण माणसासाठीचं लांब वाक्य आवृत्तीगणिक बदलतं. डॅश आय ने माइम टाइपबरोबर एन्कोडिंगही कळतं. डॅश झेड कॉम्प्रेस केलेल्या फाईलच्या आत डोकावतं. आणि डॅश डॅश एक्स्टेन्शन, हे फार कमी लोकांना माहीत आहे, ही फाईल खरी कुठल्या एक्स्टेन्शनची असायला हवी तेच सांगतं, जेपेगसाठी चार-पाच पर्याय स्लॅशने जोडून येतात, आणि माहीत नसेल तर तीन प्रश्नचिन्हं.

आता एवढ्या सगळ्या फायलींचं चित्र एका फटक्यात बघायचं तर अशी ओळ: फाइल डॅश बी डॅश डॅश माइम-डॅश-टाइप, स्पेस, डॉट स्लॅश स्टार, मग पाइप सॉर्ट, पाइप यू-एन-आय-क्यू डॅश सी, पाइप सॉर्ट डॅश आर-एन. कुठल्या प्रकारच्या किती फायली याची उतरत्या क्रमाने यादी येते. माझ्याकडे ६११ जेपेग, २१४ पीडीएफ, १८७ साधा मजकूर, ९६ जुन्या वर्डच्या, आणि मग खाली किरकोळ, त्यात ५८ होत्या ज्यांना फाइल कमांडने ऑक्टेट-स्ट्रीम म्हटलं, म्हणजे काही कळलं नाही. डॅश बी नुसता लावला असता तर तिथे बहुतेक ठिकाणी फक्त डेटा एवढाच शब्द आला असता. फायली लाखांत असतील तर स्टार चालत नाही, आर्ग्युमेंट लिस्ट फार लांब झाली म्हणून एरर येते, तिथे फाइंड वापरायचं, फाइंड डॉट डॅश टाइप एफ डॅश एक्झेक फाइल, पुढे महिरपी कंसाची रिकामी जोडी आणि अधिकचं चिन्ह.

चौथं: स्वतःच्या डोळ्यांनी बाइट्स बघा

फाइल कमांड काय बघते ते स्वतः बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि तुम्हीही एकदा बघाच, त्यानंतर भीती जाते. एक्स-एक्स-डी नावाची कमांड आहे, तिला डॅश एल ३२ दिलं की पहिले ३२ बाइट्स हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळाच्या मोजणीत, आणि बाजूला अक्षरांत दिसतात. ती नसेल तर हेक्सडंप डॅश मोठा सी, किंवा ओ-डी.

पीडीएफ असेल तर उजव्या बाजूला टक्का, पी, डी, एफ, डॅश आणि आवृत्ती सरळ वाचता येते. जिफ असेल तर जीआयएफ८७ए किंवा जीआयएफ८९ए, म्हणजे १९८७ आणि १९८९ च्या आवृत्त्या. झिप फाईल पी-के ने सुरू होते, ही १९८९ साली पीकेझिप काढणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. विंडोजचा चालणारा प्रोग्रॅम एम-झेड ने सुरू होतो, ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची. जेपेग एफएफ डी८ एफएफ, जीझिप १एफ ८बी, लिनक्सचा प्रोग्रॅम ७एफ आणि पुढे ई-एल-एफ. हे पाठ करायची गरज नाही, दहा-वीस फायली बघितल्या की आपोआप डोक्यात बसतं.

पीएनजीची खूण मला सगळ्यात आवडते, आठ बाइट्स आहेत आणि प्रत्येकामागे विचार आहे. ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. पहिला ८९ (हेक्समधला, म्हणजे आपल्या मोजणीत १३७) मुद्दाम १२७ च्या वरचा घेतलाय, म्हणजे जुन्या सात बिटांच्या लाइनवरनं फाईल गेली आणि वरचा बिट कापला गेला तर लगेच कळतं. मग पी-एन-जी ही अक्षरं. पुढचे ०डी ०ए म्हणजे विंडोज पद्धतीचा ओळीचा शेवट, फाईल कुणी टेक्स्ट समजून ट्रान्सफर केली आणि ओळींचे शेवट बदलले गेले तर ही जोडी मोडते. १ए ने डॉसमध्ये फाईल चुकून स्क्रीनवर छापायला घेतली तर छपाई तिथेच थांबते, आणि शेवटचा एकटा ०ए उलट दिशेची गडबड पकडतो. आठ बाइट्समध्ये त्या काळातल्या सगळ्या अडचणींचा बंदोबस्त केलाय.

सगळ्यांची खूण सुरुवातीलाच असते असं नाही. टार फाईलमध्ये यू-एस-टी-ए-आर ही अक्षरं सुरुवातीचे २५७ बाइट सोडून येतात, आयएसओ इमेजमध्ये सीडी००१ ही खूण ३२,७६९ बाइट सोडून, एमपी४ मध्ये पहिले चार बाइट सोडून मग एफ-टी-वाय-पी येतं. म्हणून सुरुवातीला काही ओळखीचं दिसलं नाही तर लगेच हात टेकू नका.

पाचवं: झिपच्या पोटातले सोंगाडे

पी-के दिसलं म्हणजे झिप, पण आजकाल अर्धं जग झिपच्या आत राहतं. डॉक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स, ओडीटी, ईपब, जावाचं जार, अँड्रॉइडचं एपीके, सगळ्या झिपच आहेत. नवीन आवृत्तीतली फाइल कमांड बहुतेक वेळा बरोबर ओळखते, पण आतल्या फायलींचा क्रम वेगळा असेल तर नुसतं झिप म्हणून मोकळी होते. अशा वेळी अनझिप डॅश एल लावून आतली यादी बघायची, काही उघडत नाही, नुसती यादी. वर्ड नावाचा फोल्डर आणि त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल असेल तर डॉक्स, एक्सएल फोल्डर आणि वर्कबुक असेल तर एक्सेल, माइमटाइप नावाची फाईल आणि कंटेंट डॉट एक्सएमएल असेल तर लिबरऑफिसची, मेटा-आयएनएफमध्ये कंटेनर डॉट एक्सएमएल असेल तर ईपब.

आणि अँड्रॉइडमॅनिफेस्ट डॉट एक्सएमएल आणि क्लासेस डॉट डेक्स दिसलं तर ते एपीके, मोबाईलचं ॲप. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीच्या चलनाच्या नावाने एपीके पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्याकडे सर्रास झालेत. घरातल्या कुणाला अशी फाईल आली तर ती उघडू नका म्हणून आधी सांगा आणि शंका असेल तर लिनक्सच्या कॉम्प्युटरवर घेऊन फाइल आणि अनझिप डॅश एल, एवढ्यात कळतं की पत्रिका आहे का ॲप. तसंच बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई. लिनक्सवर ती तुमचं फारसं काही बिघडवणार नाही, पण तोच पेनड्राइव्ह उद्या कुणाच्या विंडोजला लागतो आणि तिथे शेवटचं एक्स्टेन्शन बऱ्याचदा लपवलेलं असतं.

जुन्या वर्ड आणि एक्सेलच्या फायली, डॉट डॉक आणि डॉट एक्सएलएस, या झिप नाहीत, त्यांची सुरुवात डी० सीएफ ११ ई० अशी होते आणि फाइल कमांड त्यांना कंपोझिट डॉक्युमेंट फाइल व्ही२ म्हणते. पुढे बऱ्याचदा शीर्षक, लिहिणाऱ्याचं नाव, बनवल्याची तारीख, शेवटचं कुणी सेव्ह केलं हेही येतं. माझ्या ९६ पैकी साठेक फायलींना याच माहितीवरनं नाव देता आलं, फाईल न उघडता.

सहावं: मराठी मजकुराचं वेगळं प्रकरण

इथे जरा थांबतो कारण इंग्रजीतल्या गाईडमध्ये हे सहसा मिळत नाही. साध्या मजकुराला कुठली खूणच नसते, त्यामुळे एन्कोडिंग ओळखणं हेच ओळखणं. एक प्रयोग करा, टर्मिनलमध्ये एको स्पेस मराठी, पाइप, एक्स-एक्स-डी. तुम्हाला दिसेल ई० ए४ एई, ई० ए४ बी०, ई० ए४ बीई, ई० ए४ ए०, ई० ए५ ८०, आणि शेवटी ०ए. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी, प्रत्येकाचे तीन-तीन बाइट्स, एकूण १५, आणि ओळ संपल्याचा एक, म्हणून साईज १६. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई० ए४ किंवा ई० ए५ नेच सुरू होतं. हेक्समध्ये हे दोन परत परत दिसले की डोळे झाकून सांगा, हा देवनागरी युनिकोड मजकूर आहे. फाइल डॅश आय इथे कॅरसेट यूटीएफ-८ म्हणेल.

हाच मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने उघडला तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याला चिकटून चार पायांचं गोल चलनचिन्ह अशी जोडी पानभर दिसते. ते बघून फाईल करप्ट झाली म्हणून लोक डिलीट करतात. करू नका! ती जोडी म्हणजे तोच ई० आणि ए४, फाईल शाबूत आहे, फक्त एडिटरला यूटीएफ-८ म्हणून उघडायला सांगा.

विंडोजच्या नोटपॅडमध्ये युनिकोड म्हणून सेव्ह केलेल्या जुन्या फायली यूटीएफ-१६ असतात, सुरुवातीला एफएफ एफई. त्या आय-कॉन्व्ह ने बदलून घ्या, डॅश एफ यूटीएफ-१६ डॅश टी यूटीएफ-८.

आता खरं कठीण. युनिकोड रुळायच्या आधी मराठी टायपिंग फॉन्टवर चालायचं, कृतिदेव, श्रीलिपी, सीडॅकचे सुरेख आणि योगेश. त्या फायलींमध्ये मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठीचे तुकडे काढलेले असतात, फॉन्ट गेला की अर्थ गेला. फाइल कमांड अशा मजकुराला आस्की टेक्स्ट, आयएसओ-८८५९ किंवा नॉन-आयएसओ एक्सटेंडेड आस्की म्हणते. म्हणजे इंग्रजी म्हणून ओळखलेल्या मजकुरात एकही ओळखीचा इंग्रजी शब्द नसेल तर संशय घ्या. वर्डची फाईल असेल तर फॉन्टचं नाव आत असतं, स्ट्रिंग्ज डॅश ई एल ने त्यातले दोन-दोन बाइट्सचे शब्द बाहेर काढा आणि त्यात कृतीदेव किंवा सुरेख शोधा. नुसती टेक्स्ट फाईल असेल तर फॉन्टची माहिती कुठेच नाही, दोन-तीन फॉन्ट लावून बघणं एवढाच मार्ग, आणि बरोबर लागला की मग कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्यायचं. वाचनालयाच्या १८७ टेक्स्ट फायलींपैकी ४१ अशा निघाल्या, त्यात तालुक्यातल्या लेखकांची सूची होती जी दुसरीकडे कुठेही नाही.

मोठ्या मजकुराची अजून एक गोष्ट, फाइल कमांड एन्कोडिंग ठरवताना पूर्ण फाईल वाचत नाही, सुरुवातीचा भाग बघते. सुरुवात इंग्रजी आणि मराठी खूप पुढे असेल तर ती आस्की म्हणून सांगू शकते. पूर्ण तपासायचं तर आय-कॉन्व्ह ने यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच बदलायला लावा आणि आउटपुट देव्ह-नल मध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचराकुंडीत, टाका, कुठे चूक असेल तर ती त्या जागी थांबते.

ओळखली म्हणजे शाबूत आहे असं नाही

फाइल कमांडने जेपेग म्हटलं म्हणजे सुरुवात जेपेगची आहे, एवढंच. पुढची अर्धी फाईल शून्यांनी भरलेली असू शकते आणि डिस्क बिघडल्यावर हे नेहमी होतं. म्हणून तपासा. झिप प्रकारच्या सगळ्यांना अनझिप डॅश टी, जीझिपला जीझिप डॅश टी, पीडीएफला पीडीएफइन्फो लावून पानांची संख्या येते का बघा, फोटोंना जेपेगइन्फो डॅश सी, व्हिडिओला एफएफप्रोब. माझे ६११ पैकी १९ फोटो अर्धवट निघाले. ते मी टाकले नाहीत, वेगळे ठेवले, अर्ध्या फोटोतही माणसं ओळखू येतात.

उलटही होतं, एकच फाईल दोन प्रकारची असू शकते. झिपची यादी शेवटाकडनं वाचली जाते आणि पीडीएफची खूण सुरुवातीकडे शोधली जाते, त्यामुळे एकाच फाईलमध्ये दोन्ही बसवता येतात. संशय असेल तर फाइल डॅश के लावा, पहिल्या उत्तरावर न थांबता बाकीची उत्तरंही ती देते.

नावं परत देताना

बहुतेक फाईल मॅनेजर आधी नावातलं एक्स्टेन्शन बघतात आणि ते नसलं की मग बाइट्स, त्यामुळे एक्स्टेन्शन नसलेली फाईल डबल क्लिकने बऱ्याचदा बरोबर उघडते पण चुकीचं लावलेलं असेल तर चुकीच्याच प्रोग्रॅममध्ये जाते. म्हणजे चुकीचं एक्स्टेन्शन हे नसण्यापेक्षा वाईट. डेस्कटॉपला फाईल कुठल्या प्रकारची वाटते ते एक्सडीजी डॅश माइम क्वेरी फाइलटाइप ने विचारता येतं, फाइल कमांडच्या उत्तराशी जुळतं का बघा.

नावं द्यायला छोटी स्क्रिप्ट लिहा. फॉर लूपमध्ये प्रत्येक फाईल घ्यायची, तिचा माइम टाइप काढायचा, केसमध्ये टाकायचा, जेपेग आला तर जेपीजी, पीडीएफ आला तर पीडीएफ, ओळखीचा नसेल तर हात लावायचा नाही. नवीन नावाच्या सुरुवातीला तारीख लावा, ती डेट डॅश आर आणि फाईलचं नाव दिलं की मिळते, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लावली की फायली आपोआप काळाप्रमाणे रांगेत लागतात. मूळ नंबर नावात ठेवाच, उद्या तपासायची वेळ आली तर धागा तुटायला नको. व्हेरिएबल कायम दुहेरी अवतरणात, नाहीतर नावात स्पेस आली की स्क्रिप्ट फाटते. एम-व्ही ला डॅश एन द्या म्हणजे त्याच नावाची फाईल आधी असेल तर तिच्यावर लिहिलं जात नाही. आणि पहिल्यांदा एम-व्ही च्या आधी एको लावून नुसतं छापून बघा, नीट वाचा, मगच एको काढा.

तुमच्याकडे नावं शाबूत असतील आणि फक्त एक्स्टेन्शन वेगळं काढायचं असेल तर बॅशमध्ये डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंसात व्हेरिएबलपुढे दोन हॅश, स्टार, डॉट. पण तीन ठिकाणी फसायला होतं. टार डॉट जीझेड मध्ये फक्त जीझेड मिळतं, डॉटने सुरू होणाऱ्या बॅशआरसी सारख्या लपवलेल्या फाईलचं अख्खं नावच एक्स्टेन्शन समजलं जातं, आणि नावात डॉटच नसेल तर पूर्ण नाव परत येतं. शिवाय लिनक्सला मोठं जेपीजी आणि छोटं जेपीजी वेगळं वाटतं, कॅमेऱ्यातले फोटो बऱ्याचदा मोठ्या अक्षरांत येतात, म्हणून शोधताना फाइंडला डॅश नेम ऐवजी डॅश आय-नेम द्या.

ऑक्टेट-स्ट्रीम म्हणून राहिलेल्या ५८ फायलींना मी एकेक करून एक्स-एक्स-डी आणि स्ट्रिंग्ज लावलं. बऱ्याच फायलींत नुसती शून्यं होती, काही थंबनेलचे आणि ब्राउझरचे तुकडे होते, सहा कोरलड्रॉच्या निघाल्या, सुरुवातीला आर-आय-एफ-एफ आणि आठ बाइट्सनंतर सी-डी-आर, कार्यक्रमपत्रिकांची डिझाइन्स. शेवटी ११ राहिल्या ज्या मला ओळखता आल्या नाहीत. त्या अनोळखी नावाच्या फोल्डरात नंबरासकट ठेवल्यात आणि सोबत एका टेक्स्ट फाईलमध्ये प्रत्येकीची तारीख, साईज आणि पहिले ३२ बाइट्स लिहून ठेवलेत, कारण फाइल कमांडची यादी दर आवृत्तीत वाढत असते, दोन वर्षांनी परत एकदा चालवून बघणार आहे. यूपीएसला नवीन बॅटरी त्याच आठवड्यात बसवली.